पेनिसिलिनचं वावडं आणि दहा टक्क्यांचा आकडा

१९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये तीस पानांचा एक निबंध छापून आला. इड्सो, गुथे, विलकॉक्स आणि द वेक हे त्याचे चार लेखक. पेनिसिलिन दिल्यावर ॲलर्जीचा तीव्र झटका येऊन दगावलेल्या १५१ माणसांच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या होत्या. त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांनी पूर्वी कधीतरी पेनिसिलिन घेतलेलं होतं, आणि अशांपैकी एक तृतीयांश लोकांना त्या आधीच्या वेळीही अचानक त्रास झालेला होता. म्हणजे शरीराने एकदा इशारा दिला होता, पण तो कोणी लिहून ठेवला नव्हता, किंवा लिहिलेला कोणी वाचला नव्हता.

हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेला छळत होता, त्याला कारण होतं. १९५२ ते १९६४ या बारा वर्षांत यॉज या त्वचेच्या आणि हाडांच्या रोगाविरुद्ध ४६ देशांत मोहीम चालली आणि सुमारे पाच कोटी लोकांना पेनिसिलिन टोचलं गेलं. एका इंजेक्शनमध्ये वर्षानुवर्षांचे व्रण भरून येत. पण पाच कोटी लोकांना एखादी गोष्ट टोचायची, तर लाखात एखाद्यालाही ती मारक ठरते का, हे विचारावंच लागतं. या निबंधाने उत्तर दिलं: औषध घेणाऱ्या दर एक लाख लोकांमागे दीड ते दोन मृत्यू. ज्या औषधाने न्यूमोनिया, सेप्टिसीमिया आणि बाळंतरोगाच्या वॉर्डांचं रूप पालटलं, त्याच्यासाठी ही किंमत फार नव्हे, असं हिशेबाने म्हणता येतं. पण पायाला काहीतरी लागलं म्हणून दवाखान्यात गेलेला धडधाकट माणूस सुई निघायच्या आत कोसळतो, तेव्हा त्या डॉक्टरला हिशेब आठवत नाही. तो चेहरा त्याला जन्मभर आठवतो. या लेखातला बराचसा इतिहास त्या भीतीचा आहे. ती भीती खरी होती, म्हणूनच ती पुढे कुठे भरकटली हे पाहायला हवं.

शरीर स्वतःच्या रक्षणासाठी उभं राहतं आणि त्यातच स्वतःचा घात करून घेतं, ही गोष्ट पेनिसिलिनच्या कितीतरी आधी कळलेली होती. १९०१ साली मोनॅकोचा प्रिन्स पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी ते काम कुत्र्यांवर पुढे नेलं. पहिली मात्रा पचवून पूर्ण बरा झालेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या मात्रेने मिनिटांत मेला. लस दिल्यासारखं शरीर तयार व्हायला हवं होतं, घडलं उलटंच. रिशेने याला ॲनाफिलॅक्सिस म्हटलं आणि १९१३ साली त्याला नोबेल मिळालं. दरम्यान व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्केने १९०६ साली ॲलर्जी हा शब्द घडवला. व्हिएन्नाचाच कार्ल लँडस्टायनर, ज्याने आपल्याला रक्तगट दिले, त्याने पुढे न्यूयॉर्कमध्ये दाखवून दिलं की लहानसा रासायनिक रेणू एकटा असताना शरीराच्या नजरेत भरत नाही. तो एखाद्या प्रथिनाला जाऊन चिकटला की मात्र शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पेनिसिलिन हा असाच एक लहान रेणू आहे. पण हे दोन धागे जुळायला आणखी दोन दशकं जावी लागली.

ऑक्सफर्डमध्ये जानेवारी १९४१ मध्ये पेनिसिलिन पहिल्यांदा माणसाच्या शिरेत गेलं. कर्करोगाने अखेरच्या अवस्थेत असलेल्या एका स्त्रीने चाचणीला संमती दिली होती. थोड्या वेळाने तिला हुडहुडी भरून ताप आला. हॉवर्ड फ्लोरीच्या तुकडीने औषध आणखी शुद्ध केलं आणि ताप येणं थांबलं. दोष औषधातल्या भेसळीचा होता. या अनुभवाने पुढच्या काही वर्षांची समजूत ठरवून टाकली. पिवळट भुकटीसारखं कच्चं पेनिसिलिन घेतल्यावर कोणाच्या अंगावर पित्त उठलं, कोणाचे ओठ सुजले, पेनिसिलिन हाताळणाऱ्या परिचारिकांच्या हातांना इसबासारखे चट्टे उठले, तरी उत्तर ठरलेलं: औषध अजून पुरेसं स्वच्छ नाही. मग स्फटिकरूपातलं शुद्ध पेनिसिलिन आलं. पित्त उठणं थांबलं नाही. १९४९ साली डेट्रॉइटचे ॲलर्जीतज्ज्ञ जॉर्ज वॉल्डबॉट यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पेनिसिलिनने आलेल्या ॲनाफिलॅक्टिक मृत्यूची नोंद छापली. आता भेसळीवर ठपका ठेवून चालणार नव्हतं.

त्या वर्षांत अमेरिकेत पेनिसिलिन कुठे नव्हतं? घसा बसला की चघळायच्या गोळ्यांत होतं, खरचटलं की लावायच्या मलमात होतं, दंतमंजनातही होतं, आणि यातलं बरंचसं दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत होतं. कातडीवर आणि तोंडात वारंवार लागणारं पेनिसिलिन लोकांच्या शरीराची ओळख करून घेत होतं. गायींच्या कासेच्या सुजेवर पेनिसिलिन वापरलं जाई, त्याचा अंश दुधात उतरे, आणि आधीच संवेदनशील झालेल्या माणसाच्या अंगावर केवळ दूध पिऊन पुरळ उठे. मला हा सगळा भाग फार अस्वस्थ करतो. जीव वाचवणारी वस्तू घसा खवखवला म्हणून चघळली गेली, आणि ज्या माणसाला तिची खरी गरज पुढे कधीतरी पडणार होती, त्याच्यासाठी ती त्या गोळीनेच परकी करून ठेवली.

धागे जुळले ते १९६०च्या आसपास. न्यूयॉर्क विद्यापीठात बर्नार्ड लेव्हिन आणि स्वित्झर्लंडमध्ये अलाँ द वेक (तोच, १९६८च्या निबंधातला) यांनी लँडस्टायनरचा विचार पेनिसिलिनला लावून पाहिला. पेनिसिलिनच्या रेणूच्या मध्यभागी चार अणूंचं एक चौकोनी कडं असतं, बीटा-लॅक्टम नावाचं. ते ताणलेलं असतं आणि सहज उघडतं. जिवाणूंना मारण्याची त्याची ताकद याच ताणात आहे. पण तेच कडं शरीरातल्या प्रथिनांजवळही उघडतं आणि त्यांना घट्ट चिकटून बसतं. प्रथिनाला चिकटलेल्या पेनिसिलिनचा मोठा हिस्सा ज्या एका रूपात असतो त्याला पेनिसिलॉइल म्हणतात. ते पॉलिलायसिन या कृत्रिम साखळीवर बसवून त्वचेत टोचायची चाचणी तयार झाली. एक विचित्र गोष्ट मात्र तेव्हाच लक्षात आली: फार थोड्या प्रमाणात तयार होणारी जी गौण रूपं आहेत, तीच पुष्कळदा सर्वांत भयंकर झटक्यांमागे असतात. कोणता प्रतिपिंड हे सगळं घडवतो, त्याचा शोध १९६६-६७ साली डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि स्वीडनच्या उप्साला इथे योहान्सन आणि बेनिश यांनी वेगवेगळ्या वाटांनी लावला. १९६८ साली त्याला आयजी-ई हे नाव मिळालं.

ज्याला पेनिसिलिनचं वावडं आहे, त्याच्यासाठी दुसरं काय? या प्रश्नाचं उत्तर इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या एका गटारातून वर आलं होतं.

कालियारी हे सार्डिनियाचं मुख्य शहर. १९४५चा उन्हाळा, महायुद्ध नुकतंच संपत आलेलं. ज्युसेप्पे ब्रोत्सू हे तिथल्या विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक. शहरात टायफॉइड होता, शहराचं सांडपाणी सू सिक्कू नावाच्या जागी समुद्रात सुटत होतं, आणि तिथल्या पाण्यात पोरं डुंबत होती. तरी त्या मानाने रोग फैलावत नव्हता. त्या पाण्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी वाढत असावं, असं ब्रोत्सूंना वाटलं. जुलैमध्ये त्यांनी गटाराच्या तोंडाशी पाण्याचे नमुने घेतले आणि त्यातून सेफॅलोस्पोरियम नावाची बुरशी वेगळी केली. तिचा अर्क त्यांनी रुग्णांवर वापरूनही पाहिला. पुढचं काम करायला ना पैसा होता ना यंत्रसामग्री. त्यांनी आपला लेख १९४८ साली स्वतःच्याच संस्थेच्या पत्रिकेत छापला, जी क्वचितच कोणाच्या हाती पडली असती. पण बेटावर काम केलेले ब्रिटिश आरोग्य अधिकारी ब्लिथ ब्रुक त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्यामार्फत पत्र इंग्लंडला गेलं, फ्लोरीपर्यंत पोचलं, आणि त्याच वर्षी बुरशीची एक नळी ऑक्सफर्डला येऊन दाखल झाली.

तिथे ती एडवर्ड एब्रहम आणि गाय न्यूटन यांच्या टेबलावर आली. हे एब्रहम म्हणजे पेनिसिलिनच्या मूळ तुकडीतले. १९४३ साली पेनिसिलिनच्या रेणूत चौकोनी कडं आहे असं म्हणणारे ते पहिल्यांपैकी एक. तेव्हा सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखा दिग्गज रसायनशास्त्रज्ञ हे मानायला तयार नव्हता. अखेर १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी स्फटिकाचं चित्र काढून निकाल लावला. ब्रोत्सूंच्या बुरशीतून एब्रहम आणि न्यूटन यांना तीन निरनिराळे पदार्थ मिळाले. त्यांतला एक, ज्याला आधी सेफॅलोस्पोरिन-एन म्हटलं गेलं, तो प्रत्यक्षात पेनिसिलिनचाच एक प्रकार निघाला. तोच शुद्ध करताना १९५३ साली आणखी एक पदार्थ हाती लागला: सेफॅलोस्पोरिन-सी. ताकदीने तो अगदीच लेचापेचा होता, पण पेनिसिलिनला फोडून टाकणारं जिवाणूंचं विकर त्याला काही करू शकत नव्हतं. १९६१ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. त्यातही तेच चौकोनी कडं होतं. फक्त त्याला जोडलेलं दुसरं कडं पेनिसिलिनमध्ये पाच अणूंचं असतं, इथे सहा अणूंचं होतं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून उगवला: एकच बुरशी सेफॅलोस्पोरिनही तयार करत होती आणि पेनिसिलिनही.

अमेरिकेत एली लिली कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी सेफॅलोस्पोरिन-सीच्या बाजूची साखळी तोडून गाभा मोकळा केला, आणि त्या गाभ्यावर नवनवीन साखळ्या जोडता येऊ लागल्या. १९६४ साली सेफॅलोथिन बाजारात आलं, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोचं सेफॅलोरिडिन. पेटंटातून आलेल्या प्रचंड पैशातून एब्रहम यांनी संशोधनासाठी विश्वस्त निधी उभे केले, ऑक्सफर्डमधली कितीतरी कामं आजही त्यावर चालतात. सेफॅलोथिनचं स्वागत मोठ्या आशेने झालं. पेनिसिलिन न चालणाऱ्या रुग्णाला देता येईल असं, जवळजवळ त्याच्याच तोडीचं औषध मिळालं होतं. आशा लवकरच डळमळली. १९६५ पासून शिरेतून सेफॅलोथिन दिल्यावर ॲनाफिलॅक्सिस आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत दिसू लागल्या, आणि त्यांतल्या काही रुग्णांना आधीपासून पेनिसिलिनचं वावडं होतं. दोन्ही रेणूंत तेच कडं, मग शरीर दोघांनाही एकच समजत असणार, हा तर्क समोरच उभा होता.

मग आकडे आले. १९७५ साली डॅश यांनी जमवलेल्या माहितीत, पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्या रुग्णांपैकी ७.७ टक्के जणांना सेफॅलोस्पोरिनने त्रास झाला; ॲलर्जी न सांगणाऱ्यांत हे प्रमाण ०.८ टक्के होतं. १९७८ साली पेट्झ यांच्या आकडेवारीत ८.१ आणि १.९ टक्के. हे आकडे वर्गात शिकवताना, पाठ्यपुस्तकात छापताना, औषधाच्या खोक्यातल्या कागदावर उतरवताना पूर्ण झाले: दहा टक्के. पेनिसिलिनचं वावडं असलेल्या दहांपैकी एकाला सेफॅलोस्पोरिनही बाधतं. जगभरच्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी हा आकडा पाठ केला. आपल्याकडच्या डॉक्टरांनीही केला. मी या विषयावर जेवढं वाचलं, त्यात या एका आकड्याइतका खोलवर रुतलेला आणि इतका कमी तपासलेला दुसरा आकडा मला सापडला नाही.

त्यात तीन भोकं होती. पहिलं, ॲलर्जी आहे असं रुग्णाने सांगितलं की ते खरं धरलं गेलं होतं, त्वचेची चाचणी जवळजवळ कोणाचीच झाली नव्हती. दुसरं, सेफॅलोस्पोरिननंतर झालेल्या प्रत्येक त्रासात ॲलर्जी किती आणि साधे दुष्परिणाम किती, हे वेगळं काढलेलं नव्हतं. शिवाय ज्याला एका औषधाची ॲलर्जी आहे त्याला अगदी वेगळ्या गटातलं औषधही इतरांपेक्षा जास्त वेळा बाधतं, हे ध्यानात घेतलेलं नव्हतं. तिसरं भोक सर्वांत मोठं. सुरुवातीच्या सेफॅलोस्पोरिनमध्ये पेनिसिलिनचे अंश मिसळलेले होते. तीच बुरशी, तेच पिंप. म्हणजे १९४०च्या दशकात ज्या भेसळीवर नाहक ठपका ठेवला गेला, तीच भेसळ १९६० आणि ७०च्या दशकांत खरोखर हजर असताना फारसं कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

आकडा खोटा ठरण्यापेक्षाही मला त्यामागचा तर्क कसा ढासळला ते अधिक मोलाचं वाटतं. कडं सारखं, म्हणून ॲलर्जी सारखी, असं सगळे मानत आले होते. पण सेफॅलोस्पोरिनचं कडं उघडलं की तो रेणू आपल्या जागी टिकत नाही, त्याचे तुकडे होतात. प्रथिनाला चिकटून उरते ती बव्हंशी एक बाजूची साखळी. प्रतिपिंडाला दिसते ती हीच. जत्रेच्या गर्दीत लांबून माणूस ओळखायचा तर चेहरा दिसत नाही, डोक्यावरचं पागोटं दिसतं. दोन परक्या माणसांनी एकाच रंगाची पागोटी बांधली असतील तर पाहणारा त्यांना एक समजतो, आणि सख्ख्या भावांनी वेगवेगळी बांधली असतील तर ओळखत नाही. सेफॅलोथिनच्या एका बाजूची साखळी मूळ पेनिसिलिनच्या साखळीशी मिळतीजुळती होती. म्हणूनच पहिल्या काळात त्रास जास्त दिसला. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात रोज विकली जाणारी उदाहरणं घ्यायची तर ॲमॉक्सिसिलिन आणि सेफाड्रॉक्सिल यांची साखळी तंतोतंत एक, ॲम्पिसिलिनची साखळी सेफॅलेक्सिन आणि सेफॅक्लोरशी एक. सेफ्ट्रायॅक्झोन आणि सेफोटॅक्झिम यांची साखळी आपापसात एक, पण ॲमॉक्सिसिलिनशी तिचं काही नातं नाही. शस्त्रक्रियेआधी जगभर दिलं जाणारं सेफॅझोलिन तर या बाबतीत जवळजवळ एकटंच, त्याची साखळी कोणाशी जुळत नाही.

स्पेनमधल्या मालागा इथल्या संशोधकांनी १९९६ साली हे माणसांवर दाखवलं. केवळ ॲमॉक्सिसिलिनची ॲलर्जी असलेले २१ रुग्ण होते. त्यांना देखरेखीखाली सेफाड्रॉक्सिल दिलं तेव्हा ८ जणांना त्रास झाला. वेगळी साखळी असलेलं सेफामँडोल दिलं तेव्हा एकालाही नाही. २००१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पी. एस. केळकर आणि जेम्स ली यांनी तोवरची माहिती तपासून मांडली. पेनिसिलिनची त्वचाचाचणी खरोखर होकारार्थी आलेल्यांत सेफॅलोस्पोरिनने त्रास होण्याचं प्रमाण ४.४ टक्के, नकारार्थी आलेल्यांत ०.६ टक्के. २००४ साली इटलीत अँतोनिनो रोमानो यांनी पेनिसिलिनची तात्काळ येणारी ॲलर्जी सिद्ध झालेले १२८ रुग्ण घेतले, त्यांची सेफॅलोस्पोरिनचीही त्वचाचाचणी केली. ती नकारार्थी आलेल्या १०१ जणांनी पुढे सेफॅलोस्पोरिनचा डोस घेतला आणि एकालाही काही झालं नाही. २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून निघालेलं चित्र असं: साखळी जुळणाऱ्या औषधांत धोका सुमारे १६ टक्के, न जुळणाऱ्यांत सुमारे २ टक्के. सेफॅझोलिनसाठी तो एक टक्क्याच्याही आत. दहा टक्क्यांचा सरसकट आकडा दोन्ही बाजूंनी चुकीचा होता. काही औषधांच्या बाबतीत त्याने विनाकारण भिववलं, आणि ॲमॉक्सिसिलिननंतर सेफाड्रॉक्सिल देताना जितकं भ्यायला हवं तितकं भिववलं नाही.

कार्बापेनेम या पुढच्या पिढीच्या औषधांची कहाणी त्या मानाने झटपट उरकली. १९८०च्या दशकात एका लहान अभ्यासात पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या जवळपास निम्म्या लोकांची इमिपेनेमची त्वचाचाचणी होकारार्थी आली आणि डॉक्टर बिचकले. रोमानो यांनीच २००६ साली ११२ रुग्ण तपासले. प्रमाण निघालं ०.९ टक्के.

या सगळ्यात रुग्णाचं काय झालं? अमेरिकेत रुग्णालयात येणाऱ्या दहांतल्या सुमारे एकाच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते, आणि नीट तपासणी केली तर त्यांतल्या नव्वदहून अधिक टक्के लोकांना पेनिसिलिन चालतं. काहींना लहानपणी गोवरासारख्या विषाणूचं पुरळ आलं होतं आणि त्याच दिवसांत औषधही चालू होतं. ग्रंथींच्या तापात, म्हणजे मोनोन्यूक्लिओसिसमध्ये, ॲम्पिसिलिन दिलं की पुष्कळांच्या अंगावर पुरळ येतं, हे १९६७ सालीच छापलं गेलं होतं. ती कायमची ॲलर्जी नसते. काहींना केवळ जुलाब झाले होते. आणि ज्यांना खरोखर ॲलर्जी होती, त्यांच्यातलेही सुमारे ऐंशी टक्के लोक दहा वर्षांत ती गमावतात. शरीर विसरतं, कागद विसरत नाही. अशा रुग्णाला मग दुसऱ्या फळीची, जास्त रुंद मारा करणारी औषधं मिळतात. कॅलिफोर्नियातल्या कैसर रुग्णालयांच्या २०१४च्या अभ्यासात अशा शिक्क्याच्या लोकांना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा त्रास सुमारे २३ टक्क्यांनी आणि औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा संसर्ग सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला. बॉस्टनच्या किंबर्ली ब्लुमेंथाल यांच्या २०१८च्या अभ्यासात शस्त्रक्रियेची जखम चिघळण्याची शक्यता दीडपट निघाली, कारण या रुग्णांना सेफॅझोलिन नाकारलं गेलं होतं. चाचणीचं साहित्यही अमेरिकेत सदोदित मिळालं असं नाही. पेनिसिलॉइल-पॉलिलायसिन १९७४ पासून बाजारात होतं, २००४ साली बंद पडलं, २००९ साली परत आलं. पाच वर्षं तपासायचं म्हटलं तरी तपासता येत नव्हतं.

आपल्याकडे पेनिसिलिन खऱ्या अर्थाने आपलं झालं ते पिंपरीत. पेनिसिलिन देशात तयार व्हावं म्हणून मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी यांच्यासारख्यांनी आग्रह धरला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हात दिला, आणि १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झालं. याच पेनिसिलिनच्या बळावर पुढे यॉज मागे रेटला गेला. तो ज्या राज्यांत होता त्यांत महाराष्ट्रही होता, आणि २०१६ साली भारत यॉजमुक्त जाहीर झाला.

भीतीही सोबत आलीच. आपल्या दवाखान्यांत तिचं रूप म्हणजे टेस्ट डोस. औषधाचंच पातळ द्रावण हाताच्या कातडीत टोचायचं, फुगवट्याभोवती पेनने गोल काढायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पेनिसिलिनची ॲलर्जी पूर्वी झालेल्या माणसाच्या बाबतीत, योग्य द्रव्यं वापरून, तज्ज्ञाने केलेली त्वचाचाचणी अर्थपूर्ण आहे. पण ज्याला कधी काहीच झालेलं नाही अशा प्रत्येकाला सेफ्ट्रायॅक्झोनआधी टेस्ट डोस देण्याला आधार नाही. चुकीच्या विरलतेने कातडी नुसतीच लाल होते आणि माणसावर आयुष्यभराचा शिक्का बसतो. उलट गोल कोरडा राहिला म्हणून निर्धास्त झालेल्या खोलीत ॲड्रिनलिनची कुपी हाताशी नसते. चीनमध्येही अशी सरसकट चाचणी वर्षानुवर्षं चालत होती. २०२१ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने सेफॅलोस्पोरिनसाठी ती बंद करायला सांगितलं.

सर्वांत जास्त हानी मला दिसते ती संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांची. त्यांना दर तीन आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि रिॲक्शनच्या भीतीने ते द्यायला अनेक डॉक्टर कचरतात. १९९१ साली अकरा देशांतल्या १,७९० रुग्णांवरचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. एकूण ३२,४३० इंजेक्शनं, ॲनाफिलॅक्सिस चौघांना, मृत्यू एक. इंजेक्शन थांबवलं तर ताप उलटतो आणि झडपा आणखी निकामी होतात, तो धोका याहून कितीतरी मोठा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली आणखी एक गोष्ट पुढे आणली: झडपा फारच खराब असलेल्या रुग्णांत इंजेक्शननंतर झालेले काही मृत्यू ॲलर्जीचे नसून दुबळ्या हृदयाला बसलेल्या ताणाचे असावेत. अशांना तोंडाने गोळ्या द्याव्यात, बाकीच्यांचं इंजेक्शन सोडू नये.

शिक्का पुसायची पद्धत आता बरीच साधी झाली आहे. मेलबर्नच्या जेसन ट्रुबियानो यांच्या तुकडीने २०२० साली पेन-फास्ट नावाची प्रश्नावली मांडली. त्रास गेल्या पाच वर्षांतला आहे का? श्वास कोंडणं, चेहरा-घसा सुजणं, किंवा कातडी सोलवटण्यासारखं गंभीर काही होतं का? त्यावर उपचार करावे लागले का? पहिल्या दोन प्रश्नांना दोन-दोन गुण, शेवटच्याला एक. तीनपेक्षा कमी गुण आले तर खरी ॲलर्जी असण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पॅलेस चाचणीत अशा कमी धोक्याच्या ३८२ रुग्णांपैकी निम्म्यांना आधी त्वचाचाचणी आणि निम्म्यांना थेट पेनिसिलिनची गोळी देण्यात आली. दोन्ही गटांत गोळीची चाचणी होकारार्थी आली ती एकेकाचीच, आणि गंभीर त्रास कोणालाच झाला नाही. स्टीव्हन्स-जॉन्सनसारखी कातडी सोलणारी व्याधी ज्याला झाली असेल त्याला मात्र ते औषध पुन्हा कधीच द्यायचं नाही, आणि घरी स्वतःच गोळी घेऊन पाहायची नाही. गोळी द्यायची ती ॲड्रिनलिन भरलेली सिरिंज शेजारी ठेवून, तासभर समोर बसवून. एवढी सोय तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आहे. केसपेपरवर 'पेनिसिलिन ॲलर्जी' असं लिहिलेला रुग्ण पुढच्या वेळी तिथे येईल, तेव्हा त्याला हे तीन प्रश्न विचारले जावेत, आणि मिळालेलं उत्तर त्या नोंदीखाली तारीख घालून लिहिलं जावं.